मांडव कुणाचा आणि मानपान कुणाचा?

‘महोत्सव’ या शब्दाला एके काळी वजन होते. गावाने वर्षभर ज्याची वाट पाहावी, ज्याच्या निमित्ताने सासुरवाशिणी माहेरी याव्यात, सोयरीक जुळावी, जुने भांडण मिटावे, तो उत्सव. आणि पंचक्रोशीने एकत्र येऊन साजरा करावा तो महोत्सव. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या शब्दाची जी परवड झाली आहे ती पाहता आता त्याच्या पुढे निविदा क्रमांकच लिहायला हवा. आधी निधी मंजूर होतो, मग निविदा निघते, मग नागपूर-मुंबईची कंपनी मंडप, ध्वनी, दिवे आणि ‘कलाकार’ असा सगळा संच घेऊन येते, आणि सर्वांत शेवटी कुणाला तरी आठवते की स्थानिक संस्कृतीचेही दर्शन घडवायचे आहे. मग एखादे रेला नृत्याचे पथक बोलावले जाते. पाहुण्यांच्या स्वागताला प्रवेशद्वारापाशी ढोल वाजवायला त्यांना उभे केले जाते. पाहुणे आत गेले की त्यांचे काम संपले.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे तर हे दृश्य आता इतके नेहमीचे झाले आहे की त्यात कुणाला काही खटकतही नाही. ते खटकावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मार्च २०२४च्या पहिल्या तीन दिवसांत चंद्रपुरात वनविभागाच्या पुढाकाराने ‘ताडोबा महोत्सव’ झाला. पासष्ट हजारांहून अधिक रोपे मांडून ‘भारतमाता’ हा शब्द साकारण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याचे कौतुकच आहे. वन्यजीवांवर चर्चा झाल्या, तेही उचित. परंतु संध्याकाळच्या रंगमंचावर ज्यांच्या नावाने गर्दी खेचायची होती ती नावे मुंबईची होती. त्या वर्षी होळी २४ मार्चला होती. म्हणजे नेमक्या त्याच दिवसांत सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी, कुरखेडा या पट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीच्या हंगामाचे शेवटचे प्रयोग चालू होते. धानाची कापणी झालेल्या बांध्यांमध्ये मंडप पडले होते, हजारो माणसे तिकीट काढून रात्रभर नाटक पाहत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी खर्चाने, विनामूल्य, संस्कृतीचे दर्शन चालले होते. आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला संस्कृती स्वतःच्या पैशाने जागत बसली होती. या दोहोंची गाठ पडावी असे कुणालाही वाटले नाही. यात कुणा एका मंत्र्याचा वा अधिकाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही. दोष दृष्टीचा आहे, आणि ती दृष्टी आपणा सर्वांची आहे.

झाडीपट्टी म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावे लागते, यातच सगळे आले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतील वैनगंगेच्या खोऱ्याचा हा दाट झाडीचा मुलूख. त्याची स्वतःची झाडीबोली आहे, साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. या मुलुखाची स्वतःची रंगभूमीही आहे. दिवाळीनंतर भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात, आणि त्याला जोडून नाटक होते. ते थेट होळीपर्यंत. आधी दंडार होती, खडी गंमत होती, डहाका आणि गोंधळ होता. त्याच्यावर संगीत नाटकाचे कलम झाले, आणि जे झाड उगवले ते ना पश्चिम महाराष्ट्राचे, ना जुन्या दंडारीचे, ते इथलेच. देसाईगंज म्हणजे वडसा हे त्याचे केंद्र. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे हे छोटे गाव. पण तिथे पन्नासच्या आसपास नाटक मंडळ्यांची कार्यालये थाटली जातात. गावोगावची तरुण मंडळे तिथे येऊन नाटक पसंत करतात, तारीख धरतात, बयाणा देतात. तिकीटविक्रीतून खर्च निघतो, आणि काही उरलेच तर त्यातून देवळाचा सभामंडप होतो, शाळेला दुरुस्ती होते, व्यायामशाळेला साहित्य येते.

रात्री दहाच्या सुमारास घंटा होते आणि पडदा पडतो तो पहाटे. दोन दिवसांच्या तालमीवर उभे राहिलेले नाटक, विंगेत बसलेला प्रॉम्प्टर, शेजारी ऑर्गन-तबल्याची साथ, आणि समोर घोंगड्या-चादरी पांघरून बसलेली तीन पिढ्यांची कुटुंबे. मे २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले. ते पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०२१ उजाडले. ज्याच्या आधाराने नाटक उभे राहत होते तो पटच गेला, तरी नाटक थांबले नाही. दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला, तरी थांबले नाही. २०२०च्या महामारीने हंगामावर पाणी फिरवले, त्यानंतरही मंडळ्या पुन्हा उभ्या राहिल्या. ज्या मराठी रंगभूमीला महानगरांत प्रत्येक प्रयोगामागे शासकीय अनुदान घेऊनही आठवड्याअखेरचे दोन प्रयोग भरवताना घाम फुटतो, तिच्याच या वनवासी बहिणीने तिकीट खिडकीच्या बळावर रात्रीमागून रात्री प्रेक्षक जागवावेत, ही मराठी नाट्येतिहासातील केवढी मोठी गोष्ट आहे! परंतु आमच्या नाट्यसमीक्षकांची गाडी वर्धा नदी ओलांडत नाही.

असो. समीक्षकांचे सोडून द्या. मुख्य मुद्दा उन्हाळ्याचा आहे.

होळी झाली की मंडप उतरतात. ज्याने कालपर्यंत राजाचा, खलनायकाचा वा दुर्दैवी बापाचा वेश केला, तो कलावंत दुसऱ्या दिवशी कुठे जातो, याचा विचार आपण कधी केला आहे काय? काही मोजके नट सोडले तर बहुतेक जण अल्पभूधारक शेतकरी किंवा मजूर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठून मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात जायचे, तो फळीवर नेऊन पुडके मोजून द्यायचे, आणि पाऊस लागला की रोवणी. हे वर्ष आहे झाडीपट्टीच्या कलावंताचे आणि त्याच्या प्रेक्षकाचेही. त्या जंगलाची आता काय अवस्था आहे, तेही सांगायला हवे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. सिंदेवाही तालुका म्हणजे नवरगावचा तालुका. आणि नवरगाव म्हणजे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर रंगमंचावरून बोलणाऱ्या सदानंद बोरकरांचे गाव. वाघाचा महोत्सव करताना, त्या वाघाच्या जंगलात पोटासाठी जाणारी बाई ही आपल्या नाटकाची प्रेक्षक आहे, हे ध्यानात ठेवले तर महोत्सवाचे स्वरूप आपोआप बदलेल.

याच महिन्यांत शहरांमध्ये काय चाललेले असते? ‘उन्हाळी शिबिरे’. व्यक्तिमत्त्वविकास, कॅलिग्राफी, पाश्चात्त्य नृत्य, रोबोटिक्स आणि काय काय. नागपुरातल्या आणि चंद्रपुरातल्या सुशिक्षित कुटुंबांतील मुले दहा दिवस वातानुकूलित सभागृहात जातात आणि प्रमाणपत्र घेऊन परततात. वाईट काही नाही. मूल काही शिकते, हे चांगलेच. पण आपल्याच जिल्ह्यात दंडार नावाचा प्रकार आहे, त्यात पुरुषच स्त्रीवेश घेऊन नाचतात, त्याची गाणी आजोबांच्या बोलीत आहेत, हे त्या मुलाला कोण सांगणार? आई-वडिलांनीच पाहिलेले नसते. ‘झाडपी’ हा शब्द ज्या घरांत गावंढळ या अर्थाने उच्चारला जातो, त्या घरांत संस्कृतिरक्षणाच्या गप्पा मात्र तावातावाने होतात. हे आपल्याच घरचे दुखणे आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिले.

उन्हाळ्यातील संस्कारांची जी परंपरा या भूमीत खरोखर रुजली, तिचे उदाहरण दूर शोधायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाची सुसंस्कार शिबिरे विदर्भाच्या खेड्यापाड्यांत सुट्टीच्या दिवसांत भरतात. सामुदायिक प्रार्थना, भजन, व्यायाम, ग्रामसफाई. खर्च गावाचा, शिकवणारे गावचे. खंजिरी हे वाद्य किती साधे! पण १९४२च्या ऑगस्टमध्ये चिमूर पेटले तेव्हा त्या साध्या वाद्याची इंग्रज सरकारने एवढी धास्ती घेतली की महाराजांना चंद्रपुरात अटक करून पुढे तुरुंगात धाडावे लागले. कला म्हणजे जेवणानंतरचे तोंडी लावणे नव्हे, हे इंग्रजांना कळले होते. नक्षलवाद्यांनाही कळले होते. १९८०च्या सुमारास या जंगलात उतरलेल्या त्या मंडळींनी बंदुकीबरोबर ‘चेतना नाट्य मंच’ही आणला, माडिया-गोंडांच्या भाषेत, त्यांच्याच चालींवर आपला प्रचार बसवला. ज्यांना गोटुलशी, पंडुमशी काही देणेघेणे नव्हते त्यांनी गोटुलचा ढोल हाती घेतला, कारण या माणसाच्या अंतःकरणाकडे जाणारी वाट गाण्यावरून जाते, हे त्यांनी हेरले. ऑक्टोबर २०२५मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांचे एक रक्तरंजित प्रकरण मिटत आले, हा आनंदाचा क्षण आहे. पण मग त्या ढोलाचे काय? तो आता कोण वाजवणार आणि कशासाठी? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर आहे का?

उत्तर तयार होत आहे, पण ते बाजारात. सुरजागडचे लोहखनिज निघू लागले, कोनसरीला पोलाद प्रकल्प उभा राहिला, गडचिरोली हा पोलादाचा जिल्हा होणार अशी घोषणा रोज ऐकू येते. रोजगार येईल, रस्ते येतील, यावेतच. ज्यांनी या जिल्ह्यातले रस्ते पाहिले आहेत ते विकासाला विरोध करणार नाहीत. परंतु पैशापाठोपाठ करमणूकही येते, आणि ती कुठल्या जातीची असते हे झाडीपट्टीने आधीच पाहिले आहे. मंडईच्या निमित्ताने ‘डान्स हंगामा’ नावाचा जो प्रकार गेल्या काही वर्षांत बोकाळला, ज्यापायी पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले, त्याचे आयोजक काही परग्रहावरून आलेले नव्हते. नाटकापेक्षा तो स्वस्त पडतो आणि गर्दी हमखास होते. मग नाटकवाल्यांनीही भीतीपोटी दोन अंकांच्या मध्ये तसलीच नाचगाणी घुसवली, संवादांत द्व्यर्थी कोट्या भरल्या. लेकीसुनांना घेऊन नाटकाला जावे की नाही, असा विचार घरातली वडीलधारी माणसे करू लागली. ज्या रंगभूमीचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे कुटुंबासह येणारा प्रेक्षक, तिने तेच भांडवल खर्ची घालावे, याला आत्मघात म्हणतात. याबद्दल मंडळ्यांच्या चालकांना दोष दिलाच पाहिजे. झाडीपट्टीवर प्रेम आहे म्हणून तिचे सगळेच गोड मानायचे, हा भाबडेपणा झाला.

इथे काही विद्वान पुढे सरसावतात. त्यांचे म्हणणे असे की, पाहा, म्हणूनच आम्ही झाडीपट्टीला गांभीर्याने घेत नाही. ती बाजारू आहे, मेलोड्रामा आहे, संहिता कच्च्या, अभिनय भडक. वस्तुतः हे म्हणणे ऐकायला ठीक वाटते. पण त्यात एक चलाखी आहे. ज्या नाटकाला दोन दिवसांची तालीम मिळते त्याची तुलना दोन महिने तालीम केलेल्या नाटकाशी करायची, आणि त्या दोन महिन्यांचा खर्च कुणी सोसला हे मात्र विचारायचे नाही. उघड्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे तर आवाज आणि हावभाव मोठेच लागतात. ग्रीकांनी त्यासाठी मुखवटे केले, कथकळीने चेहरे रंगवले, दशावताराने मुकुट चढवले. तिथे ते शैली ठरते आणि वडशात ते भडक ठरते? कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीच्या परशुराम खुणे यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोगांत आठशे वेगवेगळ्या भूमिका केल्या. २०२३ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. दिल्लीला जे दिसले ते मराठी नाट्यसृष्टीला तोपर्यंत दिसले नव्हते, आणि पद्मश्रीनंतरही ‘हे कोण?’ असे विचारणारे महाभाग आम्हाला भेटले.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शासन तर सगळे करतेच आहे, असे सांगितले जाते. योजना आहेत, महोत्सव आहेत, मानधन आहे. झाडीपट्टीचे नाव शासनाच्या कार्यक्रमांत येते, हे खरे. २०२४मध्ये वृद्ध कलावंतांचे मानधन वाढवून सरसकट महिना पाच हजार रुपये करण्यात आले, ही तर अत्यंत स्वागतार्ह गोष्ट. तथापि योजनेचा गाडा कुठे अडतो ते पाहा. निवड जिल्हावार, दर जिल्ह्याला वर्षाला शंभर ही मर्यादा. ज्या जिल्ह्यात गावागणिक नट, गायक, तबलजी आणि नेपथ्य ओढणारे आहेत त्याला शंभर, आणि ज्या जिल्ह्यात कलावंत शोधावे लागतात त्यालाही शंभर. शिवाय अर्जाला पुरावे जोडायचे. झाडीपट्टीच्या म्हाताऱ्या नटाजवळ पुरावा कोणता असणार? वडशात छापलेली, नाव बारीक अक्षरात असलेली हस्तपत्रके. ती पावसात भिजली, वाळवीने खाल्ली. तीस वर्षे मंडप गाजवणाऱ्या माणसाने आपण नट होतो हे सिद्ध करण्यासाठी कार्यालयाच्या ओट्यावर बसावे, आणि ज्याच्याकडे छायाचित्रांच्या चार फायली आहेत त्याचे काम झटपट व्हावे, हे कागदाचे राज्य झाले, कलेचे नव्हे.

आणि शासकीय महोत्सवांचे म्हणाल तर त्यांचे पंचांग आर्थिक वर्षाप्रमाणे चालते. निधी संपवण्याची घाई फेब्रुवारी-मार्चला. नेमक्या ज्या दिवसांत झाडीपट्टीला महोत्सवाची गरज नसते, तिचे कलावंत रोज रात्री कामावर असतात, त्याच दिवसांत महोत्सव. एप्रिल उजाडला, कलावंत रिकामा झाला, की शासनाचे सांस्कृतिक खातेही रिकामे होते. याहून उत्तम उलटा कारभार कुणी शोधून दाखवावा.

उन्हाळ्याचेच म्हणाल तर चंद्रपूरला त्याचा स्वतःचा, अस्सल उन्हाळी उत्सव आहेच. त्यासाठी कुणाच्याही निविदेची गरज पडलेली नाही. चैत्र शुद्ध षष्ठीपासून पौर्णिमेपर्यंत भरणारी माता महाकालीची यात्रा. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राणी हिराईने हे मंदिर उभारले. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेड-परभणीकडून, आणि तेलंगणातून लाखांनी भाविक येतात. झरपट नदीत स्नान करून, वाद्ये वाजवीत, देवीची गाणी म्हणत दर्शनाला जातात. पारा तेव्हा चाळिशीच्या पुढे असतो. गोंड राणीचे देऊळ, मराठवाड्याचे भाविक, तेलुगु गाणी आणि वऱ्हाडी-झाडी बोलणारे दुकानदार. एकात्मतेवर परिसंवाद घेणाऱ्यांनी एकदा या गर्दीत उभे राहावे. पण प्रशासनाच्या लेखी ही यात्रा म्हणजे काय? पोलीस बंदोबस्त, पाण्याचे टँकर, फिरती शौचालये आणि वाहतुकीतील बदल. तेही हवे, नसेल तर हाल होतात. प्रश्न असा आहे की, ज्या नदीत हे लाखो लोक श्रद्धेने उतरतात ती झरपट जलपर्णी आणि सांडपाण्याने कोंडलेली असते, याची लाज महोत्सवांचे फलक लावणाऱ्या शहराला का वाटत नाही? आणि या भाविकांच्या ओठांवर जी गाणी आहेत ती ध्वनिमुद्रित करून ठेवण्यासाठी कोणत्या अंदाजपत्रकात दोन पैसे दिसतात? एका गायकाच्या एका रात्रीच्या बिदागीत हे काम दहा वर्षे चालेल.

परदेशाचे दाखले देण्याची हौस आम्हाला नाही. पण आमच्या काही मंडळींना परदेशी शिक्का असल्याशिवाय पटत नाही, म्हणून एक देतो. अमेरिकेच्या नैऋत्येला न्यू मेक्सिको नावाचे राज्य आहे आणि सांता फे ही त्याची राजधानी. लोकवस्ती लाखाच्याही आत, म्हणजे आपल्या चंद्रपूरहून कितीतरी लहान. तिथे १९२२पासून दर उन्हाळ्यात मूळ रहिवासी जमातींच्या कलावंतांचा बाजार भरतो. शहराच्या मध्यवर्ती चौकात कलावंत स्वतः बसतो, स्वतः घडवलेले मडके, दागिना, विणकाम स्वतः विकतो. तो खरोखर त्या जमातीचा आहे काय आणि वस्तू त्यानेच घडवली आहे काय, याची कसून तपासणी होते. १९५७ साली त्याच गावाबाहेरच्या टेकडीवर उन्हाळी ऑपेराचे नाट्यगृह झाले. जगभरातून रसिक तिथे जातात. ज्या देशाने आपल्या मूळ रहिवाशांची काय वाताहत केली ते इतिहासाला ठाऊक आहे. या बाजाराची सुरुवातही तिथल्या गोऱ्या संग्रहालयवाल्यांनीच केली. त्यांचे गुणगान करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की, तिथे कलावंताला प्रवेशद्वारापाशी ढोल वाजवायला उभे करत नाहीत. चौक त्याचा असतो आणि पाहुणा त्याच्याकडे चालत जातो.

अर्थात सांता फे समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंचीवर आहे. तिथला उन्हाळा आल्हाददायक. चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी बाराला कुणी उत्सव भरवू म्हणाला तर त्याला आधी वैद्याकडे न्यावे. पारा सत्तेचाळिशी ओलांडतो. म्हणून नक्कल करायची नाही, अक्कल घ्यायची. आपल्या उन्हाळ्यात उत्सव नव्हे, मशागत करायची. शेतकरी उन्हाळ्यात जमीन नांगरून ठेवतो, कारण पावसाळ्यात नांगराला सवड नसते. झाडीपट्टीचा हंगाम हिवाळ्यात आहे. तिची नांगरणी उन्हाळ्यात व्हायला हवी. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला आणि रोवणीला अजून अवकाश आहे, असे दोन-तीन आठवडे दरवर्षी मिळतात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, वडसा, नवरगाव, ब्रह्मपुरी, कुरखेडा अशा ठिकाणी, लेखनाची, गायनाची, प्रकाशयोजनेची, रंगभूषेची निवासी शिबिरे घेता येतील. शिकवायला पुण्या-मुंबईचे तज्ज्ञ यावेत, पण त्यांनी आधी एक हंगाम झाडीपट्टीचे प्रेक्षक म्हणून काढलेला असावा. ही अट विनोदाने घातलेली नाही. आणि शिकणाऱ्याला त्या दिवसांची मजुरी मिळावी, कारण त्याच्या घरची चूल प्रमाणपत्रावर पेटत नाही.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न या दोन जिल्ह्यांत तरी कुणी विचारू नये. कोळसा, लोखंड, सिमेंट या सर्वांच्या उत्खननातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी जमा होतो. कौशल्यविकास हा त्याच्या प्राधान्यक्रमातलाच विषय आहे. शिवणकाम आणि संगणक यांनाच कौशल्य म्हणायचे आणि पाच हजार माणसांना रात्रभर जागेवर बसवून ठेवण्याला म्हणायचे नाही, असा नियम आमच्या वाचनात नाही. जे उद्योग या जिल्ह्यांतून खनिज नेतात त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या रकमा आहेत. त्या ऑर्केस्ट्रावर उधळल्या जाण्यापूर्वी कुणीतरी त्यांच्या दारात जायला हवे. मेंढा-लेखासारख्या गावाने २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. आता अनेक ग्रामसभा बांबू-तेंदूच्या उत्पन्नाचा हिशेब स्वतः ठेवतात. गावाच्या पैशातून गावाची दंडार उभी राहावी, हा विचार त्या ग्रामसभांपुढे मांडण्यासाठी शासकीय निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

संहितांचे काम तर याच्याही आधी हाती घ्यावे लागेल. शेकडो नाटके लिहिली गेली. त्यांतली कितीतरी हस्तलिखिते प्रॉम्प्टरच्या वहीत आहेत, डाळीच्या डब्याशेजारी फळीवर आहेत. लेखक गेला की वही रद्दीत जाते. गोंडवाना विद्यापीठ २०११मध्ये गडचिरोलीत स्थापन झाले ते या मुलुखासाठी. मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने उन्हाळी सुट्टीत एक वही शोधून तिची प्रत विद्यापीठात जमा करावी, असे ठरवले तर पाच वर्षांत जो संग्रह होईल तो पाहायला परदेशी अभ्यासकही येतील. मग कदाचित आमचे समीक्षकही येतील. वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी लागणारा पुरावाही त्याच संग्रहातून मिळेल, कारण प्रत्येक वहीत भूमिकेपुढे नटाचे नाव लिहिलेले असते.

राहता राहिला चंद्रपूर शहराचा प्रश्न. या शहराने १९७९ साली आणि पुन्हा २०१२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवले. राज्य नाट्यस्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या इथे होतात, प्रियदर्शिनी सभागृह आहे, जाणता प्रेक्षक आहे. एवढे असूनही या शहरातील किती कुटुंबांनी मूल-सिंदेवाहीच्या पुढे जाऊन एक झाडीपट्टीचे नाटक तिकीट काढून पाहिले आहे? ताडोबाच्या सफारीला पहाटे चारला उठणारा मध्यमवर्गीय चंद्रपूरकर पहाटे चारपर्यंत नाटकाला का बसत नाही? थंडी वाजते म्हणून? घोंगडी मिळते.

येत्या पावसाळ्याच्या अखेरीस वडशात मंडळ्यांची कार्यालये पुन्हा उघडतील, भिंतींवर नव्या नाटकांची नावे झळकतील, गावोगावची पोरे बयाणा घेऊन येतील. त्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांच्या बैठका व्हायच्या आहेत. त्या समित्यांचे सदस्य आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहेत, काही तर नात्यातलेही आहेत. पुढच्या महोत्सवाचा जो आराखडा त्यांच्यापुढे येईल त्यात कलावंतांच्या बिदागीचा तक्ता असेलच. त्या तक्त्यात झाडीपट्टीचे नाव कितव्या पानावर आहे आणि त्यासमोरचा आकडा काय आहे, एवढे त्यांना जाऊन विचारावे.